चित्राला ग्रिल

घर भाड्याने देण्यापूर्वी आमच्या घरमालकांनी आम्हाला काहीच विचारलं नाही. किती माणसं, काय खाता, पाहुणे किती येतात, काही नाही. त्यांनी खिशातून टेप काढली, तुमच्या आजोबांना आणि मला एकामागून एक भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि जमिनीपासून आमचे डोळे किती उंचीवर आहेत ते मोजलं.

"चित्रं कुठे टांगायची ते ठरवावं लागेल," ते म्हणाले. "माझ्या घराबरोबर फर्निचर येत नाही. चित्रं येतात."

तुमचे आजोबा उंच आणि मी ही अशी. घरमालकांनी थोडा विचार करून दोघांच्या बरोबर मधल्या उंचीवर खिळे ठोकले. त्यामुळे ती चित्रं आजोबांना वाकून बघावी लागत आणि मला टाचा उंचावून. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "संसार असाच असतो असं ऐकून आहे." त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, कोथरूडची आपली इमारत पाडून नवी बांधायला घेतली तेव्हा आम्ही पौड रस्त्यावर भुकूमला राहायला गेलो होतो. तुमच्या आईने फोनवर विचारलं होतं, "भुकूम? तिथे काय आहे?" तिथे नव्या सोसायट्या होत्या, सोसायट्यांच्या मध्ये चुकून राहिलेली भाताची खाचरं होती आणि हे आमचे घरमालक होते. आम्ही खाली, ते वरच्या मजल्यावर. जन्मभर पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करून एके दिवशी त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि चित्रं काढायला सुरुवात केली. नाव सांगत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि पुढे जे सांगणार आहे त्यानंतर तर मुळीच नाही.

अंगाने शिडशिडीत, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात टेप आणि एक वीतभर लांबीची लेव्हल. लेव्हल म्हणजे ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, पृष्ठभाग सपाट आहे. ती ते जातील तिथे ठेवून बघत. आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या पुस्तकांच्या कपाटावर, एकदा तर गॅसवर ठेवलेल्या तव्यावर.

"बाई, तुमची आमटी उजवीकडे झुकते आहे," असं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. मी शाळेत सुपरवायझर होते हे कळल्यापासून ते मला 'बाई' म्हणत. मी त्यांना काहीच म्हणत नसे. 'अहो' पुरत असे.

त्यांची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काहीही कळलं नाही, हे सांगून टाकते. माणूस नाही, झाड नाही, पक्षी नाही. खिडकीबाहेर मुळशीचे एवढे डोंगर, पण चित्रात डोंगर नाही. रंगाचे मोठे मोठे तुकडे, काही एकमेकांना टेकलेले, काही एकमेकांवर चढलेले, आणि त्यांच्यामधून पट्टीने मारलेल्या बारीक काळ्या रेघा.

"डोंगर का नाही काढत?" मी विचारलं.

"तो आधीच कोणीतरी काढून ठेवलाय. मी कशाला पुन्हा काढू?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की बाईंना नीट समजावून सांगायला हवं. "घरात पपई आहे का?"

पपई होती. खरं तर दोन होत्या, पाहुण्यांसाठी आणलेल्या. त्यांनी माझी सुरी घेतली, एक पपई आडवी कापली आणि वरून बघायला लावलं. "हा झाला प्लॅन. छप्पर काढून वरून बघितलं तर घर असं दिसतं." दुसरी उभी चिरली. "हा सेक्शन. घर उभं कापलं तर असं दिसेल. कुठे पोकळी, कुठे गर, बिया कुठे राहायला आहेत, सगळं कळतं. लोक मात्र बाहेरूनच बघतात आणि म्हणतात, वा, काय पपई आहे!" मग चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "मी गोष्टी कापून दाखवतो. काय कापलं ते सांगत नाही, एवढंच."

त्या दिवशी पाहुण्यांनी पपईचा प्लॅन आणि सेक्शन खाल्ला.

त्यांच्या मते प्रत्येक रंगाला वजन होतं. विटकरी जड, पिवळा हलका, निळा कुठे ठेवला त्यावर अवलंबून. एका चित्रात वर मोठा निळा चौकोन आणि त्याखाली एक पिवळी पट्टी होती. त्यांनी हाताने पिवळी पट्टी झाकली आणि मला म्हणाले, "बघा आता." आणि खरंच, निळा चौकोन खाली घसरतोय असं वाटलं. मी नकळत एक पाऊल मागे आले. ते इतके खूश झाले की त्यांनी त्या महिन्यात आमच्या नळाची गळती स्वतः येऊन दुरुस्त केली.

त्यांची चित्र काढायची पद्धत मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. तुम्ही स्लॅब घालताना पाहिला आहे का? खाली लाकडी फळ्या आणि बांबूंचे टेकू लावतात, वर काँक्रीट ओततात. त्या टेकूंना सेंट्रिंग म्हणतात. काँक्रीट घट्ट झालं की सेंट्रिंग काढतात, आणि स्लॅब आपल्या बळावर उभा राहतो. किंवा राहत नाही. आमचे घरमालक तरुणपणी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या म्हाताऱ्या आर्किटेक्टचा दंडक असा, की सेंट्रिंग काढताना ज्याने नकाशा काढला त्याने स्लॅबखाली उभं राहायचं. "त्यामुळे नकाशे काळजीपूर्वक काढायची सवय लागते," ते सांगत.

चित्रातही ते तेच करत. कोऱ्या कॅनव्हासवर आधी वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत, उभ्या, आडव्या, तिरक्या. त्या पट्ट्यांच्या आधाराने रंग भरत. रंग वाळला की एका रविवारी आम्हा सगळ्यांना वर बोलावत. तुमचे आजोबा, मी, आणि दोन्ही मजल्यांवर काम करणाऱ्या सुमनताई. सुमनताई भुकूमच्याच. घरमालक चित्राच्या अगदी समोर, नाक टेकेल इतक्या जवळ, डोळे मिटून उभे राहत आणि सुमनताई एकेक पट्टी सोलून काढत. सगळ्या निघाल्या की ते मागे सरत, डोळे उघडत आणि निकाल देत. "उभं आहे." किंवा "पडलं."

उभं राहिलं तर चहा होई. पडलं तर तिथल्या तिथे मोठ्या ब्रशने त्यावर पांढरा रंग फासून टाकत आणि मग सगळ्यांना भजी. दुःखात पोट भरलेलं असावं असं त्यांचं म्हणणं.

"काका, पडलं तर भजी आन् उभं ऱ्हायलं तर निस्ता चा," सुमनताई एकदा म्हणाल्या. "मंग पडल्यालंच बरं की वो!"

"सुमन, तू पट्ट्या मुद्दाम वाकड्या सोलत जाऊ नकोस."

"म्या कशाला वाकड्या सोलू? तुमचंच चित्र भज्याकडं बघतंय."

मला कुठलं चित्र उभं आहे आणि कुठलं पडलंय हे कधी नीट कळलं नाही. एकदा मला मनापासून आवडलेल्या एका हिरव्या चित्रावर त्यांनी पांढरा रंग फासायला घेतला तेव्हा मी शाळेतल्या आवाजात ओरडले, "थांबा! मला आवडलंय ते." ते ब्रश हातात धरून थांबले. अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला आवडलं म्हणून ते उभं राहत नाही." आणि फासला. त्या दिवशी मी भजी खाल्ली नाहीत. आजोबांनी माझीही खाल्ली.

त्यांनी आर्किटेक्टचं काम का सोडलं याची गावात बरीच कारणं सांगितली जात. खरं कारण एकच होतं आणि ते कोणाला पटत नसे. ग्रिल. तुम्ही पुण्यात आलात की बघा, प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक बाल्कनीला लोखंडी ग्रिल असतं. घरमालकांनी जन्मभर बाल्कन्या काढल्या होत्या. वारा कुठून येईल, संध्याकाळचं ऊन कुठे पडेल, सगळा हिशेब करून. आणि लोक राहायला आले की पहिल्या आठवड्यात ग्रिल. स्वतः बांधलेल्या जुन्या इमारतींवरून गाडी गेली की ते चक्क डोळे मिटून घेत. एकदा तर एका इमारतीत जाऊन त्यांनी एका घराची बेल वाजवली होती.

"मी ही इमारत बांधली. तुमच्या बाल्कनीतली हवा कुठे गेली?"

"अहो, कबुतरं येतात हो फार," दार उघडणारी बाई म्हणाली.

"कबुतरांची व्यवस्था नकाशात नव्हती."

"म्हणून तर ग्रिल लावलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. हे सांगताना ते हसत. "कॅनव्हासला कोणी ग्रिल लावत नाही," असं म्हणून त्यांनी ऑफिस बंद केलं.

पण चित्रं बघायला येणार कोण? वरचा मजला चित्रांनी भरून गेला होता. एका गॅलरीवाल्यांनी विचारलं होतं, यांनी नाही म्हटलं. मी कारण विचारलं.

"गॅलरीत लोक चित्र बघायचं म्हणून येतात. कपडे करून येतात, चेहरा करून येतात. मला एक चित्र असं हवंय बाई, की जे लोक दूध आणायला जाताना बघतील. न बघता बघतील. रोज. एक तरी." हे ते इतक्या सरळ आवाजात बोलले की मला थट्टा सुचली नाही. घर बांधणाऱ्या माणसाला आपल्या कामात लोकांची ये-जा दिसायला हवी असते. ती त्यांना हवी होती आणि मिळत नव्हती.

मग मारुंजीची सोसायटी आली.

हिंजवडीच्या शेजारचं मारुंजी. तिथल्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आयटीत काम करणारा एक तरुण, सभ्य माणूस. तो भुकूममध्ये कोणाकडे तरी आला असताना यांची चित्रं पाहून गेला आणि आठवड्याने परत आला. त्यांच्या इमारतीच्या खालच्या लॉबीत एका भिंतीला ओल आली होती. बिल्डर दाद देत नव्हता. रंग लावला की पुन्हा डाग उमटत. "काका, अॅक्चुअली आम्हाला मोठं काहीतरी हवं होतं, डाग कव्हर होईल असं," तो संकोचाने म्हणाला.

मला वाटलं, आता याची गच्छंती. पण घरमालकांनी टेप खिशात टाकली आणि त्याच्याबरोबर जागा बघायला गेले. येताना शीळ घालत आले. सोसायटीतले सगळे लोक त्याच लॉबीतून ये-जा करत होते. दूध आणायला, शाळेच्या बसला, लिफ्टला. सर्वांत मोठं चित्र त्यांनी तिथे द्यायचं ठरवलं. मोबदला घेतला नाही. अट एकच घातली: काच नको, चौकट नको, चित्र आणि माणसं यांच्यामध्ये काहीही नको. सेक्रेटरींनी हो म्हटलं.

चित्र टांगून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर, अगदी निघताना, घरमालक सेक्रेटरींना म्हणाले, "त्या भिंतीमागे पावसाळी पाइपचा जोड सुटलाय. प्लंबर बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. ओल थांबेल."

गाडीत मी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी, बघताक्षणी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी पाइप बसवला असता. चित्र नव्हे."

पुढचे काही महिने ते फार आनंदात होते. अधूनमधून मारुंजीला जात, लॉबीतल्या बाकावर पेपर उघडून बसत आणि पेपराच्या वरून लोकांकडे बघत. कोण थांबतं, कोण नुसती मान वळवतं. येऊन आम्हाला सांगत. "आज एक आजी लिफ्टची वाट बघत त्या पिवळ्याकडे बघत होत्या. लिफ्ट आली आणि गेली. आजी तिथेच!"

गणपतीत सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला. 'काका, सरप्राइज आहे,' असा सेक्रेटरींचा निरोप होता. आम्ही तिघंही गेलो. लॉबी माळांनी सजवली होती. आणि चित्रासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत, लोखंडी ग्रिल. हिरवा ऑइलपेंट दिलेलं. बाजूला छोटं कुलूप.

पावसाळ्यात मुलं लॉबीत खेळत, कोणाची सायकल चित्रावर टेकली आणि एक ओरखडा उठला, म्हणून कमिटीने हे केलं होतं. मनापासून, चित्राच्या काळजीने केलं होतं. सेक्रेटरींचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "काका, आता टेन्शन नाही. फुल सेफ्टी."

मी घरमालकांकडे बघायचं टाळलं. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला. चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा माइक हातात घेऊन म्हणाले, "चित्र आता लोकांपासून सुरक्षित आहे आणि लोक चित्रापासून. दोघांचंही अभिनंदन." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर त्यांनी सेक्रेटरींना बाजूला घेऊन अटीची आठवण दिली. तो बिचारा ओशाळला, पण ग्रिल सभेत मंजूर झालं होतं. काढायचं तर पुन्हा सभा. सभा झाली. मी आणि आजोबा मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होतो. एक गृहस्थ उठून म्हणाले, "ग्रिल सोसायटीची प्रॉपर्टी आहे. ते काढता येणार नाही. आर्टिस्ट नाराज असतील तर त्यांनी चित्र न्यावं, आपण ग्रिल ठेवू." हे वाक्य कोणालाही विचित्र वाटलं नाही. ठराव पास झाला.

घरी आल्यावर घरमालक सरळ वर गेले. चित्र परत आणलं असतं तर त्यांची जिद्द राहिली असती, पण लोकांच्या वाटेवरचं त्यांचं एकुलतं एक चित्र गेलं असतं. तिथेच ठेवलं तर ते रोज गजाआड. सुमनताईंनी विचारलं, "काका, भजी करू का?" तर मानेनेच नको म्हणाले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, एका रविवारी सकाळी, ते खाली आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. तो त्यांच्याकडे आहे हेही मला माहीत नव्हतं.

"बाई, गाडी काढाल का? त्या ओरखड्यावर रंग लावायचाय."

"हो. चला."

"थर्मासमध्ये चहा घ्या. वेळ लागेल."

"एका ओरखड्याला?"

"रविवारी लॉबीत गर्दी असते," ते म्हणाले. हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मारुंजीला पोहोचलो तर कुलपाची किल्ली ट्रेझररकडे, आणि ट्रेझरर कंपनीच्या कामाला जर्मनीत. सेक्रेटरी माफी मागू लागले. "राहू द्या, राहू द्या," घरमालक म्हणाले. "ब्रश आत जातो, हात आत जातो. किल्ली कशाला?" आणि त्यांनी ब्रशसकट उजवा हात दोन गजांमधून आत घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. ओरखडा लांब होता, म्हणून त्यांनी थोडं अंग दाबलं, दंडही आत गेला. रंग लावून झाला. ब्रश खाली पडला. आणि ते म्हणाले, "हात येत नाहीये."

मी शाळेत बरीच वर्षं काढली आहेत. खोटं पोटदुखणं मला लांबून ओळखता येतं. मी त्यांचा खांदा मागे ओढत कानाशी पुटपुटले, "पुरे झालं."

"बाई, ओढू नका," ते म्हणाले.

बघता बघता लॉबी भरली. रविवार होता, सगळे घरी. वॉचमन आधी धावला. "अंकल, हिलो मत! हिलो मत!" कोणी साबण आणला, कोणी खोबरेल. एक बाई म्हणाली, "बांगड्या भरताना कासार हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतो, तसं करा ना." पिशवी गुंडाळली. पिशवी बाहेर आली, हात आत. दुसरीने बर्फ आणला. तिसऱ्याने मोबाइल काढला.

"प्लीज, कोणी रील काढू नका!" सेक्रेटरी ओरडले. त्यांना घाम फुटला होता. "काका, पेन होतंय का? काका, अँब्युलन्स?"

"अँब्युलन्स आत कशी येईल? तुमच्या गेटची रुंदी कमी आहे," घरमालक म्हणाले. त्या अवस्थेतही.

इतक्यात एक चिमुरडी गर्दीतून पुढे आली आणि "आजोबा, मी पण" म्हणत तिने शेजारच्या फटीत आपला हात घातला. तिच्या आईने किंकाळी फोडून तिला ओढलं. हात सहज निघाला, पण त्या एका किंकाळीने सगळं फिरलं.

"अहो, उद्या माझ्या मुलीचा हात अडकला असता म्हणजे?"

"मुलं रोज इथेच खेळतात!"

"कोणी बसवलं हे? सेफ्टीसाठी म्हणे!"

ज्या गृहस्थांनी सभेत प्रॉपर्टीचा मुद्दा काढला होता ते हळूच लिफ्टमध्ये शिरले.

शेवटी ज्यांनी ग्रिल बनवलं होतं त्या रफिकभाईंना बोलावलं. मूळचे पौडचे, मारुंजीच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान. ते आले, हात बघितला, ग्रिल बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, कापायचं म्हंता? लई मन लावून केल्यालं काम हाय ह्ये. ह्यो गज वाकायचा न्हाई, तुमचा हात वाकंल."

"काम उत्तम आहे," घरमालक ग्रिलला गाल टेकवून म्हणाले. "तुमची जोडणी मी मघापासून जवळून बघतोय. कुठेही खोट नाही."

"व्हय ना?" रफिकभाई खुलले. "बघा, कोन तरी बोललं!"

ठरलं असं, की हाताजवळचा गज वरच्या टोकाला ग्राइंडरने कापायचा आणि मग वाकवायचा. पण ग्राइंडरच्या ठिणग्या थेट चित्रावर उडणार होत्या. ग्रिलच्या आत हात घालून काही धरायला आता कोणीच तयार नव्हतं. तेव्हा घरमालक म्हणाले, "ओला टॉवेल आत सरकवा. माझा हात आहे ना आत." आणि त्या अडकलेल्या हाताने त्यांनी ओला टॉवेल चित्रासमोर ताणून धरला. ग्राइंडर किंचाळत होता, ठिणग्या टॉवेलवर पडून चुरचुरत होत्या, आणि हा माणूस तोंड भिंतीकडे, डोळे मिटून, हात लांब करून उभा. मी थर्मास हातात धरून बघत राहिले. आता तो नाटक करतोय की नाही, हा विचार माझ्या मनातून गेला होता.

गज वाकला. हात बाहेर आला, लालभडक आणि सुजलेला. सेक्रेटरींनी क्षणभरही वाट पाहिली नाही. "रफिकभाई, सगळंच काढा. आत्ता. सभेचं मी बघतो."

तासाभराने ग्रिल जमिनीवर पडलं होतं आणि चित्र मोकळं झालं होतं. लोक पांगता पांगता थांबले. त्या मुलीची आई म्हणाली, "हे आधीपासून एवढं मोठं होतं?"

 घरमालकांनी डाव्या हाताने चष्मा पुसला, बराच वेळ.

येताना नांदे गावाच्या रस्त्याने आलो. ते डाव्या हाताने चहा पीत होते. मी म्हटलं, "काम छान केलंत. पण म्हाताऱ्या माणसाने एवढं ताणू नये. हात सुजेपर्यंत कशाला?"

त्यांनी कप गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "पाच मिनिटांचं नाटक ठरवलं होतं. लोक जमले की हात काढून घ्यायचा आणि म्हणायचं, बघा, असं होतं."

"मग?"

"काढायला गेलो. येईना."

मी गाडीचा वेग कमी केला.

"तुम्ही 'पुरे झालं' म्हणालात ना, तेव्हा मी मनातल्या मनात मारुतीचा धावा करत होतो. मी देव मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मी गाडी बाजूला घेतली, ब्रेक लावला, इंडिकेटर लावला आणि मग हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मागून एक टेम्पोवाला हॉर्न देऊन काहीतरी बोलून गेला. घरमालक समोर बघत ताठ बसून होते.

"कोणाला सांगू नका," ते म्हणाले.

"काय, नाटक होतं ते?"

"छे! नाटक होतं ते खुशाल सांगा. खरंच अडकला होता ते सांगू नका."

संध्याकाळी सेक्रेटरींचा मला फोन आला. आधी हाताची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आंटी, एक विचारू? काकांनी ते मुद्दाम केलं का?"

तुम्हाला लहानपणी मी सांगायचे, काहीही झालं तरी खरं बोलावं. ते अजूनही तसंच आहे. पण मी म्हटलं, "अहो, मुद्दाम म्हणजे काय! आठवडाभर आधी ठरवलं होतं त्यांनी."

"वाटलंच मला," सेक्रेटरी म्हणाले. "ग्रेट माणूस आहे."